वरचं किती, खालचं किती?

आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात फुकट आरोग्य तपासणी असते. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन, पण आम्हा सभासदांना तो उपम्याचा दिवस म्हणूनच ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी हातात कॉफी घेऊन मी उपम्याच्या रांगेत उभा राहिलो आणि दहा मिनिटांनी कळलं, की ही रांग बीपीची आहे. मागे फिरावं तर मागे सेक्रेटरी. त्याच्यादेखत रांग सोडणं म्हणजे घाबरलो अशी कबुली देणं. मी बाही वर केली.

पट्टा फुगला, आवळला, सुटला. बीपी मोजणारी मुलगी यंत्राकडे बघून गप्प झाली. तिने पुन्हा पट्टा फुगवला. मग उठली आणि तिच्याहून मोठ्या एका मुलीला घेऊन आली. आमच्या बँकेत नोट खोटी निघाली की अगदी असंच व्हायचं. आधी कॅशियर गप्प, मग हेड कॅशियर हजर. वरचं १६८, खालचं १०४.

"काका, तुम्हाला बीपी आहे?"

"नाही," मी म्हणालो. या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने ठरवायचं असतं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

मराठीतली ही एक गंमतच आहे. बीपी म्हणजे रक्तदाब, तो सगळ्यांनाच असतो. ज्याला नाही त्याला चौघे उचलून नेतात. तरी आपण "त्यांना बीपी आहे" असं म्हणतो, आणि तेही "त्यांना जमीन आहे"च्या सुरात. उपमा संपायच्या आत मलाही बीपी असल्याचं तिन्ही इमारतींना कळलं. मला उपम्याची बशी देताना सेक्रेटरीने माझ्या वाटची लिंबाच्या लोणच्याची फोड उचलून स्वतःच्या बशीत घेतली.

मी ३४ वर्षं बँकेच्या ऑडिट खात्यात काढली. दुसऱ्याच्या वहीतली चूक मला तीन टेबलं लांबून दिसायची. स्वतःच्या रोहिणीतली नोंद मात्र मान्य होईना. मी हरकती घेतल्या: यंत्र बिघडलं असेल, पट्टा लहान असेल, मी नुकतीच कॉफी प्यायलोय. (शेवटची हरकत रास्त होती. चहा-कॉफीनंतर अर्धा तास तरी बीपी मोजू नये. पण हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी नुसती थाप मारत होतो.) "दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा," असं ती मोठी मुलगी म्हणाली. त्यातलं "दोन-तीन दिवस" एवढंच मी ऐकलं आणि दोन-तीन आठवडे वाचनात घालवले.

वाचन फार झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी मला सर्पगंधा सुचवली होती आणि वर "आपल्या ऋषिमुनींना सगळं ठाऊक होतं" असंही ऐकवलं होतं. त्यांना खोडून काढायला मी बसलो आणि उलटाच फसलो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवर निबंध लिहिला आणि रक्तदाबाच्या औषधांच्या शोधात असलेलं जग या मुळीकडे वळलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिनने बीपी उतरायचं, पण काहींचा जीवही उदास व्हायचा, म्हणून पुढे ते मागे पडलं. हे शेवटचं वाक्य मी इंजिनिअरांना तीनदा ऐकवलं. पहिली दोन त्यांना ऐकवलीच नाहीत.

रूझवेल्ट तर मला फारच धीराचे वाटले. अमेरिकेच्या या अध्यक्षांचं बीपी १२ एप्रिल १९४५ रोजी ३००/१९० नोंदवलं गेलं होतं. "म्हणजे मी अजून जेमतेम निम्म्यावर आहे," असं मी बायकोला म्हणालो. ते त्याच दिवशी वारले, एवढा तपशील मी गाळला. तिने तो स्वतः शोधला आणि रुग्णालयाला फोन लावला.

रुग्णालय पुण्यातलं आहे आणि मोठं आहे. नाव सांगत नाही, कारण अजूनही मी तिथलाच रोगी आहे. फोनवर आधी सनई वाजली. मग मराठीसाठी एक दाबा, मग भेटीसाठी तीन दाबा, मग पुन्हा सनई. विसाव्या मिनिटाला एक बाई म्हणाल्या, की भेट फक्त ॲपवर मिळते. बायकोने ॲप घेतलं, तिच्या नंबरवर ओटीपी आला आणि नऊ दिवसांनंतरची ११ वाजून १० मिनिटांची वेळ मिळाली. ही १० मिनिटं पाहून मी हरखलो. एवढी अचूकता मला फक्त रेल्वेच्या वेळापत्रकात माहीत होती, आणि ती तरी वेळापत्रकापुरतीच असते हे त्या क्षणी सुचलं नाही.

गाडी लावायला पाऊण तास गेला. ओपीडी पाचव्या मजल्यावर. लिफ्टपाशी चाकाच्या खुर्च्यांची रांग होती. मी म्हटलं, आपण काही आजारी नाही, आणि जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर माझं मत बदललं होतं, पण तिथे लिफ्ट थांबत नव्हती. वर टोकन मिळालं, ६२. आत २३वा चालू होता. ११ वाजून १० मिनिटं कधीच होऊन गेली होती. ती वेळ ६२ नंबरातल्या आणखी किती जणांना दिली होती, याचा माझ्यातला ऑडिटर हिशेब करू लागला. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, त्यांचीही ११.१०. त्यांच्या शेजारच्या बाईंची ११.१०. आम्ही तिघांनी एक लहानसं शिष्टमंडळ बनवून काउंटरवर आवाज चढवला. त्या चढलेल्या आवाजाची किंमत थोड्याच वेळात मलाच मोजायची होती.

मधल्या काळात मला लघवीला लागली. पण उठावं आणि नेमका नंबर पुकारला जावा, ही भीती. सव्वा तास मी मांडीवर मांडी घालून कळ काढली. अखेर आतून "सिक्स्टी टू" असा पुकारा झाला. एका सहायक मुलाने मला तपासणीच्या उंच टेबलावर बसवलं. पाय अधांतरी, पाठीला टेका नाही, पट्टा स्वेटरवरूनच. पट्टा फुगत असताना तो म्हणाला, "काका, पार्किंग मिळालं का?" मी पार्किंगवर सविस्तर बोललो.

१८६/१०८.

बीपी मोजताना जे जे करू नये ते आम्ही दोघांनी मिळून एका बैठकीत केलं होतं. आता मला यादी पाठ आहे: जिना, राग, तुंबलेली लघवी, लोंबते पाय, लोकरीवरून पट्टा, बोलणं. तेव्हा मात्र मी १८६च्या मागे रूझवेल्ट बघू लागलो.

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांच्यापाशी माझ्यासाठी साडेचार मिनिटं होती आणि त्यातली तीन मी सर्पगंधेला दिली. उरलेल्या दीड मिनिटात त्यांनी घरच्या बीपीच्या नोंदी ठेवायला सांगितलं, ईसीजी, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि लघवीची तपासणी लिहून दिली (ही शेवटची मी आनंदाने आणि तत्काळ केली). पुढल्या भेटीत त्यांनी एक गोळी सुरू केली. रोज सकाळी एक. छोटी, गुलाबी. तिचं नाव वाचण्याची मला कधी गरज पडली नाही, कारण बायको दर रविवारी सात कप्प्यांचा डबा भरून ठेवायची. दाराशी पोचल्यावर मी विचारलं, "किती दिवस घ्यायची?" डॉक्टर म्हणाले, "घेत राहा." मी याचा अर्थ 'बरं वाटेपर्यंत' असा लावला.

घरी बीपीचं यंत्र आलं आणि माझ्या निवृत्तीला अर्थ आला. सकाळी उठल्यावर, चहाआधी, चहानंतर, डाव्या हाताचं, उजव्या हाताचं, टीव्हीवरच्या चर्चेआधी, चर्चेनंतर. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितलं होतं. मी दिवसाला चौदा नोंदी करू लागलो. संगणकावर तक्ता केला, वरचं लाल रेघेत, खालचं निळ्या. वॉचमनचं मोजलं, इस्त्रीवाल्याचं मोजलं, कुरियरवाल्याचं मोजायला गेलो तर तो पाकीट दारात ठेवून पळाला. बायकोचं ११८/७६ आलं. तिने काहीही न बोलता पट्टा सोडून माझ्याकडे दिला. एवढ्या बोलक्या शांततेवर मी तरी काय बोलणार?

इतिहासही चालूच होता. १७३३मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने आपला प्रयोग प्रसिद्ध केला: एका घोडीला आडवं बांधून तिच्या रोहिणीत पितळेची नळी घातली आणि तिला लांबलचक काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं. जगातलं पहिलं मोजलेलं बीपी घोडीचं. माझी आणि तिची तुलना मी जेवताना करायचो. ती आडवी, मी बसलेला; तिला पितळेची नळी, मला कापडी पट्टा; तिला टोकन नाही. मग १८९६मध्ये इटलीतल्या रीव्हा-रोच्चींनी दंडावरचा पट्टा आणि पारा आणला आणि १९०५मध्ये रशियातल्या कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोप लावून पट्ट्याखालचे ठोके ऐकायचे असतात हे दाखवून दिलं. कोरोत्कोव्हचं पहिलं नाव निकोलाय. मला ते पाठ होतं.

वर्षभरात तक्त्यातल्या रेघा उतरल्या. १२६/८०, १२२/७८, एकदा तर ११८/७६, बायकोच्या बरोबरीने. त्याच सुमारास, आषाढात, ती मुलीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी बंगळूरला गेली. जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या डब्यात ठेवून गेली. मी तक्त्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि ३४ वर्षांच्या अनुभवाने निर्णय दिला: कर्ज फिटलं, खातं बंद. हप्ते कशाला भरायचे? दोन-तीन दिवस नोंदी चांगल्याच राहिल्या. मग मी मोजायचंही बंद केलं. बंद खात्याचं ऑडिट करण्यात कसला अर्थ?

भाद्रपदात गणपतीला गावी निघालो. आमचं गाव कुडाळपासून आत. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी असा रस्ता. घाटात मला वळणांचं काही वाटत नाही. पुढच्या ट्रकचं वाटतं, आणि ते मी मोठ्याने बोलून दाखवतो. घरी पोचलो तेव्हा डोकं ठणकत होतं. काकीने आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, मिठातली कैरी आणि चार तऱ्हेचे पापड पुढे केले. माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याइतकंही नाही, एवढंच मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी ते काकीलाही सांगितलं, कैरीची दुसरी फोड उचलता उचलता.

चतुर्थीच्या संध्याकाळी गावची आशाताई दर्शनाला आली. पाया पडली, मोदक खाल्ला आणि पिशवीतून यंत्र काढून काकीचं बीपी घेतलं. काकीचं वय ७८. तिला बीपी म्हणजे काय ते सांगता येत नाही. 'रगताचा जोर' म्हणते. १३२/७८. मी पुढे सरसावून तिला खालचं-वरचं समजावू लागलो, तेवढ्यात ती आशाताईला म्हणाली, "ह्येचा पण बग गो."

१७८/१०६. देवासमोर. झांजा वाजवणारे हात थांबले.

"तुजी गोळी खंय आसा?" काकीने विचारलं.

"बरं वाटत होतं, म्हणून बंद केली."

काकीने वात पुढे सारली. "मगे देव पावलो म्हणान दिवो पण बंद करतलस काय?"

रात्रभर मला स्वतःचे ठोके कानात ऐकू आले. कोरोत्कोव्हची आठवण आली, पण आनंद झाला नाही. सकाळी चुलतभावाच्या स्कूटरवरून बाजारात मेडिकलवर गेलो. सण असूनही दुकानदाराने अर्धं शटर उघडलं होतं.

"बीपीची गोळी द्या. रोज एक घेतो मी. छोटी. गुलाबी."

त्याने मागे वळून फळ्यांकडे पाहिलं. "हयसर शंभर गुलाबी आसत. नाव काय?"

घोडीच्या रोहिणीतलं रक्त किती चढलं ते मला ठाऊक होतं. निकोलाय ठाऊक होता. गोळीचं नाव ठाऊक नव्हतं.

"चिठी?"

चिठ्ठी रुग्णालयाच्या ॲपवर. बाजारात रेंज नाही. देवळामागच्या टेकडीवर मिळते म्हणाले. भर उन्हात टेकडी चढलो, एका पायावर उभा राहिल्यासारखा मोबाइल उंच धरला, दोन काड्या आल्या. ॲप उघडलं. ॲप म्हणालं, ओटीपी पाठवला आहे. कुठे पाठवला असेल हे माझ्या लक्षात यायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली.

"अहो, हॉस्पिटलचा ओटीपी का आलाय? काय झालं?"

"काही नाही. गोळीचं नाव बघत होतो."

"गणपतीत? कशाला?"

"सहज."

"सहज?" बंगळूरहून ती एवढंच म्हणाली, आणि मला कप्प्यांचा डबा, त्यातला सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे भरलेले वार तिला तिथून दिसताहेत असं वाटलं. मग तिने शांतपणे नाव सांगितलं. पहिली दोन अक्षरं वाऱ्याने नेली, मला "...सार्टन" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. खाली येऊन दुकानदाराला विजयाने सांगितलं, "सार्टन!" तो म्हणाला, "लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, वाल्सार्टन. खयचा?" आणि मी तोंड उघडायच्या आत शटरला हात घालत म्हणाला, "अंदाजान बीपीची गोळी देणंय नाय मी. सरकारी दवाखान्यात जावा. उघडो आसा."

प्राथमिक आरोग्य केंद्र तीन किलोमीटरवर. मला वाटलं होतं, टोकन, काउंटर, आणि सणाची सुट्टी. तिथे दोन बाकांवर सात-आठ माणसं होती, प्रत्येकाच्या हातात एक लहानसं कार्ड. उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना शोधून त्यांना नेमाने गोळ्या देत राहण्याचा देशव्यापी उपक्रम २०१८च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. पुणे नव्हतं. हे मला दहा मिनिटांतच, बाकावरच्या एका आजीकडून, जवळजवळ अशाच शब्दांत कळलं. फक्त तिने 'देशव्यापी'ऐवजी 'सगळीकडचा' म्हटलं आणि 'पुणे'वर जरा थांबली.

सिस्टरने नाव विचारलं आणि म्हणाली, "आधी लघवीला जाऊन या."

आयुष्यात प्रथमच मला वैद्यकीय क्षेत्रात कोणी ओळखलं असं वाटलं.

परत आलो तर पाठीची खुर्ची, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही पूर्ण वर. "आता पाच मिनिटं गप्प बसा," असं म्हणून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मी बसलो. अर्धं मिनिट झालं. म्हटलं, तिला बरं वाटेल. "तुम्हाला माहीत असेलच, पूर्वी हे पाऱ्याने मोजायचे. पट्ट्याची कल्पना एका इटालियन..."

"काका, बोललात. पुन्हा पाच मिनिटं."

पुन्हा बसलो. दोन मिनिटं निभावली. मग समोरच्या तक्त्यात शुद्धलेखनाची चूक दिसली. मी ती फक्त दाखवली, बोटाने. पण बोटाबरोबर तोंडही उघडलं.

"पुन्हा."

बाकावरची आजी म्हणाली, "गप रव रे बाबा, आमचो नंबर येवंदे."

६१ वर्षांचा मी. पण लग्नात, ऑडिटमध्ये, वर्षश्राद्धाला, कुठेही मी सलग पाच मिनिटं गप्प बसल्याची नोंद नाही. लहानपणी आई तोंडात साखर घालून गप्प बसवायची असं म्हणतात, पण साखरही मी बोलत बोलत खायचो. तिसऱ्या खेपेला मी डोळे मिटले. बाहेर कोणीतरी माडाची झावळी ओढत नेत होतं. एक कोंबडा. लांबवर आरतीच्या झांजा. घड्याळाची टिकटिक. सर्पगंधा आठवली, गिळली. रूझवेल्ट आठवले, गिळले. पट्टा फुगला आणि सुटला. थोड्या वेळाने पुन्हा फुगला आणि सुटला.

"१५६/९४," सिस्टर म्हणाली. म्हणजे पुण्याच्या १८६तला काही भाग जिन्याचा, काही पार्किंगचा, काही मूत्राशयाचा आणि बराचसा जिभेचा होता. पण उरलेला, पक्का, हरकत घेता न येण्याजोगा भाग माझा होता.

आत डॉक्टर होत्या, मुलीच्या वयाच्या. त्यांच्या टेबलावरही रांगच होती, तरी त्यांनी छाती दुखते का, दम लागतो का, पायावर सूज येते का, आधीच्या तपासण्या कधीच्या, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "गोळी कोणी बंद केली?"

"मी. बीपी नॉर्मल आलं होतं."

"गोळी घेत होतात म्हणून आलं होतं."

एवढंच. माझ्या वर्षभराच्या तक्त्यावर इतका छोटा शेरा कोणी मारला नव्हता. मी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर असे शेरे मारले. आपल्यावर पडला की तो केवढा लांबलचक वाटतो ते आता कळलं.

कार्ड झालं, तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. या पांढऱ्या होत्या. मी जागच्या जागी पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं, मग मोठ्याने, मग आजीला ऐकवलं. पैसे विचारले. नाहीत. केसपेपरचे? तेही नाहीत, १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांतले उपचार मोफत आहेत. "मग पावती?" मी विचारलं. "कशाची?" सिस्टर म्हणाली. पैसे नाहीत तर पावती नाही हे ऑडिटला मान्य आहे, पण मला खूप चुकल्यासारखं होत राहिलं. शेवटी काकीच्या घरचे पाच मोदक डब्यातून नेऊन दिले. त्यातला एक सिस्टरने मला परत दिला आणि म्हणाली, "हा चालेल. पापड नको."

पुण्याला आलो. गोळी सकाळच्या चहाच्या डब्याशेजारी ठेवली. काकी तिची गोळी देवाला दिवा लावून झाल्यावर घेते. मी नास्तिक, म्हणून दूधवाल्याची घंटा वाजल्यावर घेतो. त्याने खाडा केला त्या दिवशी जरा गोंधळ झाला. बायको परत आली, तिने जुना डबा उघडला, भरलेल्या कप्प्यांकडे बघितलं आणि माझ्या मोठ्या रुग्णालयाच्या ॲपवर वेळ घेतली. पुन्हा ११.१०.

या खेपेला लिफ्टने गेलो. टोकन ४७, आत ३०वा. ११.१० वाले आणखी दोघे भेटले, शिष्टमंडळाची तयारी चालू होती. मी सामील झालो नाही. लघवीला जाऊन आलो. खिडकीशी पाठीची खुर्ची धरून बसलो. ४४वा आत गेला आणि फोन वाजला.

"काका, आरोग्य केंद्रातून बोलतेय. तुमची तारीख होऊन चार दिवस झाले. गोळ्या संपल्या असतील."

मी थक्क. या इमारतीत माझ्या नावाची जाडजूड फाइल आहे. इथून वाढदिवसाला 'सुदृढ राहा' असा निरोप आणि दिवाळीला तपासण्यांवरच्या सवलतीचं पत्रक येतं. पण माझ्या गोळ्या संपल्या असतील हा हिशेब पाचशे माणसांच्या गावातल्या एका वहीत चालू होता.

"मी पुण्यात आहे, सिस्टर. इथून विकत घेतल्या. एक दिवसही चुकली नाही. आत्ता हॉस्पिटलातच बसलोय."

"बीपी किती आलं?"

"अजून घेतलं नाही. नंबर यायचाय."

"लघवीला जाऊन आलात?"

"हो."

"पाठ टेकलीय? पाय खाली?"

"हो, हो. आणि सिस्टर, ऐका ना, मला विचारायचं होतं की तुमच्या त्या तक्त्यात..."

"काका, बोलताय तुम्ही. पाच मिनिटं गप्प बसा. ठेवते."

तिने फोन ठेवला. मी मोबाइल खिशात घातला, हात मांडीवर घेतले, डोळे मिटले. ४७ नंबर तीनदा पुकारला म्हणे. मी बोललो नाही.